मुंबईत टॅपेस्ट्री विणकाम कुठे शिकता येईल? कार्यशाळा, कोर्स, माग, सूत

आडवाधागा
टॅपेस्ट्री, म्हणजे मागावर रंगीत बाण्याने (आडव्या धाग्याने) चित्र विणण्याचं काम, रीतसर शिकायचं आहे. राहणं ठाण्यात, वेळ फक्त शनिवार-रविवार. क्रोशे येतं, मागाला हात लावलेला नाही. शोधलं की वांद्रे, लोअर परळ, अंधेरी इथल्या तीन-चार तासांच्या 'वॉल हँगिंग' कार्यशाळा समोर येतात. त्यात खरं शिकायला मिळतं का? ऑपेरा हाऊसजवळच्या विणकर सेवा केंद्रात बाहेरच्या माणसाला प्रवेश मिळतो का? आणि वन बीएचकेमध्ये मावेल असा माग कोणता?

सूतकताई
आधी चाळणी लावा. 'टॅपेस्ट्री' या नावाखाली इथे चार वस्तू विकल्या जातात: छापील कापड, जाळीच्या कॅनव्हासवर सुईने भरायचं किट, मॅक्रमे, आणि चौकटीवरचं झालरीचं विणकाम. तुम्हाला हवं ते यातलं एकही नाही. खऱ्या टॅपेस्ट्रीत ताणा (उभे धागे) पूर्ण झाकला जातो आणि प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकाराच्या कडेपर्यंत जाऊन तिथूनच मागे फिरतो. या काठापासून त्या काठापर्यंत एकच धागा सहसा जात नाही.

फी भरायच्या आधी फोनवर एवढं विचारा.

इंचाला किती ताणे लावता? उत्तर दोन-तीन आलं तर ते जाड पेळू भरायचं काम आहे, दिसायला छान, पण त्यात आकार काढता येत नाही. नवशिक्याला ६ ठीक, हात बसल्यावर ८.

ताणा कोण लावणार? 'आम्ही माग तयार करून ठेवतो' म्हणाले तर निम्मा विषय वगळला समजा. घरी येऊन पुन्हा ताणा लावता आला नाही तर ती कार्यशाळा तिथेच संपली.

दोन रंगांची उभी सीमा कशी जोडायची ते शिकवणार का? या एका प्रश्नावर बहुतेक ठिकाणं गळतात.

आणि 'तीन तासांत तयार पीस घरी न्या' असं लिहिलं असेल तर स्वतःच हिशोब करा. नवख्या हाताला एक फुटी चौकटीवर ताणा लावून तो सारखा करायला पाऊण तास ते एक तास लागतो. उरलेल्या वेळात ६ ताण्यांच्या सेटिंगला दीड-दोन इंच साधी वीण होते. यापेक्षा जास्त होत असेल तर जाडी वाढवलेली आहे. प्रामाणिक प्राथमिक कोर्स तीन-तीन तासांच्या पाच-सहा बैठकांपेक्षा कमी असू शकत नाही.

दादर_पश्चिम
+१. बॅच किती जणांची तेही विचारा. एका शिक्षकामागे आठच्या वर गेले की कडा कोणाच्याच तपासल्या जात नाहीत.

ऑपेराहाऊस
विणकर सेवा केंद्राबद्दल. ही केंद्रं १९५६ पासूनची, केंद्र सरकारच्या वस्त्र मंत्रालयाखाली हातमाग विकास आयुक्तांकडे येतात. काम मुख्यतः विणकरांसाठी: डिझाइन, रंगाई, मागात सुधारणा, प्रशिक्षण. छंदवर्ग म्हणून ती चालत नाहीत, त्यामुळे वीकेंडची अपेक्षा सोडा. कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत, लेखी अर्ज घेऊन जा आणि त्यात 'विणकाम शिकायचं आहे' एवढंच मोघम लिहू नका. 'हातमागाचा ताणा लावणे आणि लोकर-सुताची रंगाई यांचं अल्पकालीन प्रशिक्षण' असं नेमकं मागितलं तर हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं. रंगाई मिळाली तरी घ्या. चित्र विणताना एकाच रंगाच्या पाच छटा लागतात आणि त्या बाजारात एका जागी मिळत नाहीत.

या केंद्रांचा आणि मुंबईच्या चित्रकलेचा संबंध जुना आहे. चित्रकार प्रभाकर बरवे तिथे नोकरीला होते. विणकाम-कलाकार मोनिका कोरिया अमेरिकेत डिझायनर मॅरिआन स्ट्रेंगेल यांच्याकडे शिकल्यावर मुंबईच्या केंद्रात पुढचं शिकल्या. विणता विणता फणी (ताणे ठरावीक अंतरावर धरणारी) काढून ताणे मोकळे सोडायची त्यांची पद्धत समजली की ताण्याकडे बघायची नजरच बदलते. विणकाम-कलाकार नेली सेठना याही अमेरिकेतल्या क्रॅनब्रूक कला अकादमीत शिकून आलेल्या, मुंबईच्याच. या दोघींचं काम प्रदर्शनात आलं तर कापडाच्या कडेजवळ उभं राहून बघा, लांबून बघून काही कळत नाही.

पदवीचे मार्ग म्हणजे सर जे. जे., खारघरचं निफ्ट, एसएनडीटी. सगळे पूर्णवेळ. गृहविज्ञान महाविद्यालयांच्या वस्त्र विभागात माग असतात, अधूनमधून छोटे सर्टिफिकेट कोर्सही निघतात. जाहिरातीची वाट बघू नका, सत्र सुरू होण्याआधी विभागात जाऊन विचारा.

नऊवारी
मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर आपल्या राज्यातच या तंत्राचं मोठं घराणं आहे. पैठणीचा पदर आणि काठ याच पद्धतीने होतात. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (बाण्याचा धागा गुंडाळलेली काडी), आणि रंग बदलतो तिथे शेजारचे दोन बाणे एकमेकांत अडकवून माघारी. म्हणून अस्सल हातमागाच्या पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे लोंबते धागे नसतात. येवला मनमाडहून रस्त्याने जवळ आहे. शुक्रवारी रात्री निघून दोन दिवस विणकराच्या शेजारी बसता येतं.

पंजाछाप
नऊवारीताई, मुद्दा बरोबर, पण आडवाधागा यांना पहिला धडा पैठणीवर नको. पैठणीत ताणा दिसतो, रेशीम बारीक, इंचाला धागे कितीतरी जास्त. तिथे तिल्ल्या सांभाळणं आणि गुंतवण, म्हणजे शेजारचे बाणे एकमेकांत अडकवणं, शिकता येते. ताणा झाकायचा कसा, ठोकायचं किती, छटा कशा मिसळायच्या, हे तिथे येत नाही.

त्यापेक्षा पंजा दरी. दरीत ताणा सुती, बाणा तो पूर्ण झाकतो, लोखंडी पंजाने ठोकायचं, रंग आपापल्या भागात फिरवायचे. हीच टॅपेस्ट्री, फक्त जमिनीवर अंथरायची. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या जमखान्यांना भौगोलिक मानांकन आहे. कच्छमध्ये कुकमाची खरड ही शेळी-उंटाच्या केसांची सतरंजी हलवता येणाऱ्या आडव्या मागावर होते. सोलापूरला चादरींइतकीच हातमागावरच्या चित्रांच्या वॉल हँगिंगचीही परंपरा आहे आणि मुंबईकराला ते सगळ्यात सोयीचं, रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येतं.

अशा ठिकाणी 'फी किती' असं विचारू नका. शिकाऊ माणूस मागावर बसला की त्या मागाची कमाई बंद होते. म्हणून मागाची दिवसाची मजुरी अधिक शिकवणाऱ्याचा दिवस, असे दोन्ही आधीच ठरवून द्यावे. सात ते दहा दिवस सलग बसलात तर हाताला लय येते. दोन दिवसांत फक्त बघणं होतं. सूत आपण नेऊ नये, त्यांच्या मागाला चालतं तेच वापरावं.

नऊवारी
पहिला धडा नको हे मान्य. दुसरा तरी असू द्या.

आडवाधागा
सोलापूर आवडलं. पण सुट्टी दिवाळीलाच मिळेल. तोवर घरी काय? बाजारात मिळणारी लाकडी चौकट घेऊ का?

खिळेठोक
चित्रकाराचा कॅनव्हास ताणायची चौकट घेऊ नका, आठवड्यात धनुष्य होते. बारा इंच रुंदीला इंचाला ६ म्हणजे ७२ ताणे, दोन्ही कडांना एकेक जादा धरून ७४. प्रत्येकावर अर्धा-पाऊण किलो ताण धरला तरी चौकटीवर चाळीस-पन्नास किलोचा भार येतो.

सुताराकडून करून घ्या: बाहेरून १८ बाय २४ इंच, पट्टी दीड बाय दोन इंच, पट्टीची उभी बाजू भाराकडे. कोपरे अर्धे-अर्धे कापून एकमेकांत बसवलेले, त्यावर गोंद आणि प्रत्येकी दोन स्क्रू. नुसते खिळे ठोकलेले कोपरे तिरके होतात आणि विणकामही तिरकं होतं. खिळ्यांवर ताणा अडकवायची पद्धत छोट्या सरावाच्या चौकटीला ठीक आहे, इथे नको. धागा सरळ वरच्या-खालच्या पट्टीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा. त्यामुळे मधोमध आपोआप एक तिढा पडतो आणि एक शेड (ताणे वरखाली होऊन पडणारी फट) फुकटात मिळते.

ताण कमी-जास्त करायची सोय हवी असेल तर वरची पट्टी सरकती ठेवा आणि दोन बाजूंना ८ किंवा १० मिलिमीटरचे आटे पाडलेले रॉड, नट, वॉशर लावा. नागदेवी स्ट्रीटला सगळं एका फेरीत मिळतं. दोन्ही बाजूंचे नट सारखे फिरवायचे, मोजपट्टीने तपासून. एक बाजू जास्त गेली की कापड पंख्यासारखं उघडतं.

२४ इंची चौकटीवर विणायला मिळतात १४-१५ इंच. वर गेलं की शेड उघडतच नाही, तिथे जबरदस्ती केली तर ताणे तुटतात.

सूतकताई
ताण्याचं सूत: सुती, अनेक पदरी, घट्ट पिळाचं, न ताणणारं. परदेशी पुस्तकांत 'सीन ट्वाइन' लिहिलेलं असतं, म्हणजे मासेमारीच्या जाळ्याची सुतळी, म्हणून कोणी ससून डॉकजवळच्या दुकानात जाऊ नये. आता तिथे नायलॉन मिळतं. ते ताणतं, रात्रीत सैल पडतं आणि बाणा त्यावरून घसरतो. मॅक्रमेची एकपदरी ३ मिलिमीटर दोरीही नको, तिचा पीळ सैल असतो आणि ठोकून ठोकून ती पिंजते. परीक्षा सोपी: मीटरभर धागा दोन्ही हातांनी जोरात ओढा. लांबला आणि परत आखडला तर नको. नखाने उलट दिशेने खरवडा, लव निघाली तर नको.

लांबी: ७४ ताणे × २६ इंच (२४ ची चौकट, वळणाला २) = १९२४ इंच, म्हणजे साधारण ४९ मीटर. गाठी आणि चुकांसाठी ५५ घ्या. मध्ये गाठ आलीच तर ती वरच्या किंवा खालच्या पट्टीवर न्या, विणायच्या भागात ठेवू नका.

बाणा: फूटभर चौरसाला सगळे रंग मिळून दीडशे ग्रॅम लोकर धरा. रंग जास्त असतील तर वाढीव, कारण प्रत्येक रंगाची शेपटं (धाग्यांची सुटी टोकं) वाया जातात.

कापूसकोंड्या
लोकर मुंबईत? अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला जे 'वूल' मिळतं ते ९० टक्के वेळा अ‍ॅक्रिलिक असतं.

सूतकताई
टक्केवारी तुमची, पण तपासायलाच हवं हे खरं. धाग्याचं टोक चिमट्यात धरून पेटवा. केस जळाल्याचा वास आणि बोटाने चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. ते स्प्रिंगसारखं असतं, ठोकून बसवलं की पुन्हा वर येतं, आणि दोन इंच विणल्यावर ताणे पांढऱ्या ठिपक्यांसारखे डोकावतात. गालिच्याची लोकर बिकानेर किंवा भदोहीकडून मागवावी. नाहीतर सरळ दरीचं सूत बाण्याला वापरा. सूत लोकरीइतकं दबत नाही, म्हणून ताणे इंचाला ५ करा.

घोंगडीची दख्खनी लोकर स्वस्त आणि मजबूत, काळ्या-करड्या छटा सुंदर, पण राठ. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात ती उगाच नाही, त्याशिवाय ती लव सोडते. बाण्याला चालेल.

बाण्याची जाडी अशी बघायची: धाग्यांची जुडी दोन ताण्यांच्या मधल्या फटीत उभी धरा. सैल पडली तर एक पदर वाढवा, ताण्यांना ढकलू लागली तर एक काढा. ताणा दिसतोय म्हणून लोक जोरात ठोकत बसतात, खरं कारण बहुतेकदा जाड किंवा ताणून घातलेला बाणा हेच असतं.

आडवाधागा
पहिल्या प्रयोगाला ६ इंच रुंदी घेतली. तीन इंचांनंतर रुंदी पाच इंचांवर आली! कडा आत जातायत. कडेला धागा सैल सोडूनही.

पंजाछाप
कडेला सैल सोडून उपयोग नाही, तिथे फक्त घुंगरं होतात. दोष मधल्या भागात आहे. बाणा ताण्यांच्या वरखाली नागमोडी जातो, त्याला सरळ रेषेपेक्षा जास्त लांबी लागते. ती दिली नाही तर तो कडांना ओढून घेतो.

म्हणून बाणा शेडमधून नेल्यावर सरळ बसवायचा नाही. दर दोन-अडीच इंचांवर बोटाने टेकवून मध्ये कमानी ठेवायच्या, मग प्रत्येक कमान मधून कडांकडे बोटांनी दाबायची, शेवटी पंजा. पंजा नसेल तर स्टीलचा जेवणाचा काटा चालतो, दात लांब बघून घ्या. कमान फार उंच झाली तर बाण्याचे लूप वर येतात, फार सपाट झाली तर कडा आत. कडेच्या ताण्याभोवती धागा नुसता टेकला पाहिजे, मिठी नको.

दर अर्ध्या इंचाला पट्टी लावा. पाव इंच आत गेलं की तिथेच उसवा. पुढे सैल विणून भरून निघतं असं वाटतं, पण निघत नाही, कापड डमरूसारखं होतं. तुमचं आत्ताचं तीन इंच उसवावंच लागेल.

आणि सुरुवात कशावर केलीत? ताण्याच्या तळाशी आधी जाड सुताच्या चार-पाच ओळी किंवा कापडाची पट्टी घालून पाया करावा, त्यावर दुपदरी पीळ देत एक ओळ, म्हणजे ताणे सारख्या अंतरावर बसतात. हे न करता सुरू केलं तर तळाशी ताणे जोडीजोडीने उभे राहतात.

दादर_पश्चिम
आडवा 'टेंपल' लावला तर? कडा बाहेर ताणून धरणारा.

पंजाछाप
रुंद मागावर ठीक. सहा इंचाला लावलात तर चूक झाकली जाईल आणि काढल्यावर दिसेल.

सूतकताई
आता मुख्य गोष्ट, जी झालरीच्या कार्यशाळेत कधीच सांगत नाहीत: शेजारचे दोन बाणे एकाच शेडमध्ये उलट दिशांनी चालले पाहिजेत. डावा रंग उजवीकडे जातोय तर त्याच ओळीत उजवा रंग डावीकडे. दोघं सीमेवर भेटतात, शेड बदलली की दूर जातात. असं ठेवलं तर आकार कितीही सरकला, एका रंगाने दुसऱ्याच्या जागेत दोन ताणे पुढे घुसलं, तरी वीण मोडत नाही. दोघं एकाच दिशेने चालले तर सीमा सरकताच दोन सलग ओळी एकाच ताण्याच्या वरून जातात आणि तिथे जाड रेघ दिसते. नवा तिसरा रंग मध्ये आणायचा असेल तर दिशा बिघडते. त्यावर उपाय म्हणजे दोन रंग एकदम आणणे, किंवा एक बाणा तोडून दुसऱ्या टोकापासून सुरू करणे.

उभ्या सीमेला तीन पर्याय. नुसती चीर सोडा, रेघ सगळ्यात स्वच्छ. इंचापेक्षा लांब झाली तर मागून बारीक सुईने शिवा, नाहीतर टांगल्यावर उघडते. गुंतवण केली तर चीर राहत नाही, पण मागे किंवा पुढे बारीक कणा उठतो, आणि गुंतवताना ओढलं तर सीमा वाकते. तिसरं, एकाच ताण्यावर आळीपाळीने दोन्ही रंग फिरवणं: मजबूत, पण करवतीसारखी कड दिसते आणि तिथे कापड फुगतं.

म्हणून चित्रात उभ्या रेघा जास्त असतील तर ते ९० अंशांत फिरवून विणतात. उभ्या रेघा आडव्या होतात आणि चिरांचा प्रश्नच उरत नाही. युरोपातल्या बऱ्याच जुन्या टॅपेस्ट्री अशाच आडव्या विणलेल्या आहेत. चित्राचा कागद ताण्यामागे टाचून रेघा पेनाने ताण्यावर उमटवायच्या, धाग्याच्या चारही बाजूंनी, कारण ताणा फिरतो. जेल पेन नको, लोकर ओली केली की उतरतं.

ऑपेराहाऊस
छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्रदालनात पैठण्या आणि काश्मिरी शाली बघताना हेच शोधा: रंग कुठे वळला. कानी शालीतही तेच तंत्र आहे, फक्त वीण तिरपी.

दादर_पश्चिम
ऑनलाइनचं काय?

सूतकताई
कडा आणि जोड शिकायला रेकॉर्ड केलेले धडे चांगले, थांबवून पुन्हा बघता येतात. अमेरिकन टॅपेस्ट्री अलायन्स ही १९८२ पासूनची संस्था याच विषयाची. थेट वर्ग घेतलात तर त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, हे धरून चला. फोटो पाठवताना पुढची बाजू, मागची बाजू आणि कडेवरून, असे तीन पाठवा. नुसत्या पुढच्या फोटोवरून कोणीही 'छान' म्हणेल.

खिळेठोक
पावसाळ्याचं राहिलं. जूनमध्ये लाकूड फुगतं, सुताचा ताणही बदलतो. रोज बसण्याआधी तळहाताने ताण्यावर दाबून बघा, सगळीकडे सारखा प्रतिकार हवा. एकटादुकटा सैल असेल तर वरच्या पट्टीखाली बांबूची चपटी काडी सरकवा. काम बंद असताना ताण अर्धा सैल करा. लोकर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आत दमटपणा राहून बुरशी येते, सुती पिशवी आणि डांबराच्या गोळ्या बऱ्या. गोळ्या लोकरीला टेकू देऊ नका. कसर अंधारात, न हलवलेल्या गुंड्यांत आधी लागते.

आडवाधागा
उसवलं, पाया घालून पुन्हा विणलं. चार इंचांपर्यंत रुंदी पावणेसहा. दिवाळीच्या आधी कोणता नमुना विणून ठेवू, म्हणजे सोलापूरला नेऊन दाखवता येईल?

पंजाछाप
पावणेसहा चांगलं आहे. सहा इंच रुंदी, दोनच रंग, गडद आणि फिका. खालून वर: एक इंच साधी वीण. मग एक ओळ गडद, एक फिकी, याने उभे पट्टे येतात. मग दोन-दोन ओळींनी आडव्या बारीक लाटा. त्यावर दीड इंच उंच चौकोन, डावी सीमा चिरेची, उजवी गुंतवणीची. वर त्रिकोण, दर दोन ओळींना एक ताणा सोडत, आणि त्याशेजारी दर चार ओळींना एक, म्हणजे उताराचा फरक कळेल. शेवटी दोन रंगांचे बोटांसारखे पट्टे एकमेकांत घालून छटा. मागची शेपटं कापू नका, विणकर आधी तीच बघेल.

खिळेठोक
आणि मागावरून उतरवताना वरून-खालून चार-चार ताणे कापून लगेच गाठ मारत जा, सगळे एकदम कापून मग गाठी नाही. भिंतीवर लावताना मागे सुती पट्टी शिवून त्यातून दांडी घाला, आणि बाहेरच्या भिंतीपासून इंचभर पुढे टांगा. ठाण्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते.